मुख्य दार: ताबा घेताना काय तपासावे?

मुंबईतल्या घोडपदेवच्या जुन्या चाळींत दोन झडपांचे लाकडी दार, कडी-कोयंडा आणि उंबरठा. नव्या इमारतींत बहुधा एका झडपेचे फ्लश डोअर. नेहमीचे माप 3 × 7 फूट.

• ओळंबा: चौकटीच्या उभ्या बाजूंना, समोरून आणि कडेनेही लावावा. अर्धे उघडून सोडलेले दार आपोआप फिरले, तर बिजागरीची बाजू बहुधा ओळंब्यात नाही.

• कर्ण: दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. सारखे भरले, तर चौकट काटकोनात.

• फट: वर व बाजूंना सुमारे 3 मिमी, सगळीकडे सारखी. मे महिन्यात घट्ट बसणारे दार जुलैत फुगून अडकते. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश आहे ना, हेही पाहावे. नेमके तेच राहून जाते.

• बिजागऱ्या: 7 फुटी दाराला किमान 3, सगळे स्क्रू बसलेले.

• होल्डफास्ट: चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या. प्लास्टरनंतर दिसत नाहीत. दार आपटल्यावर चौकट हलली, तर पकड सैल.

• दुरुस्ती: रेरा कायदा 2016, कलम 14(3). घर विकत घेणाऱ्याने ताब्यापासून 5 वर्षांत कारागिरीतला दोष कळवल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.