लष्करावर भरवसा नसलेला संरक्षणमंत्री

1913 साली डेन्मार्कच्या संरक्षण खात्याची सूत्रं एका इतिहासकाराच्या हाती आली. पीटर मुंक त्यांचं नाव. शाळांसाठी इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणारा हा माणूस रॅडिकल पक्षाचा होता आणि सैन्यावर पैसा ओतून छोट्या देशाचं रक्षण होत नाही, हे त्या पक्षाचं जाहीर मत होतं. असा मंत्री खात्यावर आलेला पाहून सेनाधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मुंक यांचा जन्म 1870 चा, मोर्स बेटावरचा. त्याच्या सहाच वर्षं आधी, 1864 च्या युद्धात, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्ककडून श्लेस्विग आणि होल्स्टाइन हिसकावून घेतले होते. ही पिढी त्या जखमेसोबतच वाढली. सूड घ्यायचा असं काहींना वाटे. त्या दिशेला पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ठरवणाऱ्यांत मुंक होते.

वर्ष उलटताच परीक्षेची वेळ आली. ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि तटस्थतेच्या रक्षणासाठी सुमारे 50 हजार जवान बोलावण्यात आले. 5 ऑगस्टला जर्मनीने विचारणा केली : स्टोअरबेल्ट सामुद्रधुनीत डेन्मार्क स्वतः सुरुंग पेरणार का? प्रश्नातच धमकी होती. नाही म्हणावं, तर जर्मन नौदल ते काम स्वतः करणार. हो म्हणावं, तर ब्रिटनच्या आरमाराची बाल्टिक समुद्राकडची वाट अडवल्यासारखं होणार. शेवटी डॅनिश नौदलानेच सुरुंग पेरले. तटस्थतेच्या काटेकोर नियमात हे बसत नव्हतं, पण ब्रिटनने समजून घेतलं आणि देश युद्धाबाहेर राहिला. पुढे जवानांची संख्या मुंक यांनी टप्प्याटप्प्याने खाली आणली. सेनापतींशी खटके उडाले, पण ते मागे हटले नाहीत. त्या चार वर्षांचं मोठं श्रेय मी त्यांना देतो. शेजारच्या देशांत तरुणांच्या पिढ्या कापल्या जात असताना डॅनिश मुलं घरी परतत होती.

त्यांच्या घरातही राजकारण होतं. पत्नी एल्ना मुंक स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या. 1915 मध्ये तो हक्क मिळाला आणि 1918 साली संसदेत निवडून आलेल्या पहिल्या चार स्त्रियांत त्या होत्या. नवरा मंत्र्यांच्या बाकावर आणि बायको खासदारांच्या, असं दृश्य तिथल्या लोकांनी तोवर पाहिलं नव्हतं.

1920 च्या ईस्टरमध्ये राजाने सरकारच बरखास्त केलं, तेव्हा मुंक यांचं संरक्षण खातं सुटलं. 1929 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि इथून त्यांची कसोटी अधिक अवघड झाली. हिटलर सत्तेवर आल्यावरही 1914 चीच शहाणी वाट पुन्हा चालेल, असं त्यांना वाटत राहिलं. 1935 मध्ये जर्मनीने शस्त्रसज्जतेवर मर्यादा घालणारा करार मोडल्याबद्दल राष्ट्रसंघाच्या परिषदेत निषेधाचा ठराव आला, तेव्हा एकटा डेन्मार्क तटस्थ राहिला. 31 मे 1939 रोजी बर्लिनशी अनाक्रमण करार झाला. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडने असा करार नाकारला होता.

9 एप्रिल 1940. पहाटे चारच्या सुमारास जर्मन राजदूत रेन्थे-फिंक मुंक यांच्यासमोर उभा राहिला. जर्मन सैन्य तोवर सीमा ओलांडून आत आलं होतं, बंदरांत उतरत होतं. थोड्याच वेळात राजवाड्यात राजा, पंतप्रधान स्टाउनिंग, मुंक आणि सेनापती जमले. लढावं, असं सरसेनापती प्रायर यांचं मत होतं. डोक्यावर विमानं घिरट्या घालत होती. काही तासांत शरणागती ठरली. जुलैमध्ये मुंक यांनी पद सोडलं.

मुंक भेकड होते, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सपाट भूमीचा, दारातच जर्मनी असलेला हा देश एकटा लढून वाचला नसता, हा त्यांचा हिशेब खोटा नव्हता. चूक झाली ती कैसरच्या जर्मनीला लावलेलं माप हिटलरच्या जर्मनीलाही लावण्यात. इतिहासाच्या अभ्यासकाकडून ती व्हायला नको होती.

1945 पर्यंत ते संसदेत होते. जानेवारी 1948 मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर सव्वा वर्षाने, 4 एप्रिल 1949 रोजी, डेन्मार्कने तटस्थता सोडून नाटोच्या करारावर सही केली.