अडीच फुटांची रेल्वे

बालमित्रांनो, दप्तरातली बारा इंची फूटपट्टी काढा बरं! जमिनीवर अडीच पट्ट्या मोजा आणि खडूने दोन समांतर रेघा ओढा. एवढ्याशा अंतराच्या रुळांवरून रेल्वे धावते, असं कुणी सांगितलं तर पटेल? पण लातूरची गाडी नव्वदहून जास्त वर्षं अशाच रुळांवरून धावली.

तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. दुसऱ्या अंगाला पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. रूळ अरुंद, गाडी हलकी, म्हणून खर्चही कमी. वारकऱ्यांची तर केवढी सोय झाली!

मग तक्रार कसली? कुर्डुवाडीला मुंबईकडे जाणारे मोठे रूळ होते, साडेपाच फुटांचे. छोटी गाडी त्यांवर चालणार कशी? उतरा खाली! बोचकी, वळकट्या, पोरंबाळं सगळं घेऊन दुसरी गाडी गाठा. तुरीच्या पोत्यांचंही तेच. एका डब्यातून काढायची, दुसऱ्यात भरायची. हमाली वाढे ती वेगळीच.

नांदेडकरांचं दुखणंही याच जातीचं. निजामाच्या काळात मनमाड ते हैदराबाद रूळ पडले ते मीटरगेजचे, म्हणजे सव्वातीन फुटांचे. मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदला! म्हणून ‘आम्हाला ब्रॉडगेज द्या’ ही मागणी मराठवाड्यात पुढे आली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती लावून धरली. निवेदनं, सभा, आंदोलनं... एकदा मागून रेल्वे मिळत नाही हो! नव्वदच्या दशकात मनमाडकडून मोठे रूळ नांदेडकडे सरकले. लातूरकरांना आणखी थांबावं लागलं. लातूर ते उस्मानाबाद (आताचं धाराशिव) ब्रॉडगेज २००७ मध्ये झालं आणि २००८ मध्ये ते कुर्डुवाडीला जोडलं गेलं. पुढे पंढरपूर-मिरज रूळही बदलले.

आता २०१६ चा उन्हाळा आठवा. तुम्ही लहान असाल तर आईबाबांना विचारा. लातूरचे नळ कोरडे पडले होते. पाण्याच्या ठिकाणी गर्दी आवरायला जमावबंदी लावावी लागली! तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. दहा वॅगनी, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वॅगनींची गाडी येऊ लागली. ती आली कुठल्या वाटेने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हीच ती जुनी छोट्या गाडीची वाट! रूळ अडीच फुटांचेच राहिले असते, तर त्या अवजड वॅगनींना या वाटेने येताच आलं नसतं.

रूळ मोठे झाले म्हणून भांडण मिटलं असं मात्र नाही. २०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्सप्रेस बिदरपर्यंत नेली, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. गाडी बिदरहूनच भरून आली तर आम्ही बसायचं कुठे, असा त्यांचा सवाल होता. खरं तर बिदरच्या मुलांनाही मुंबई बघायची असतेच की! दोघांनाही पुरतील एवढ्या गाड्या हव्यात, हे आमचं मत.

आणि आता नकाशा उघडा. नांदेडवर बोट ठेवा आणि रेल्वेच्या रेघेवरून लातूरला जा. पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड, मग लातूर. केवढा हा वळसा! एस.टी. मात्र लोहा, अहमदपूर करत सरळ जाते. याच वाटेने रूळ टाका, ही नांदेड-लातूरची मागणी जुनी आहे. गावातल्या रेल्वे प्रवाशांच्या संघटनेचं एखादं निवेदन मिळालं तर वाचून बघा. त्यात लोह्याचं नाव सापडतं का?