ज्या झाडाला कोणी तोंड लावीत नाही

मुंबईच्या रस्त्यांवर आपण ज्या झाडांच्या सावलीतून जातो, त्यांपैकी बरीचशी दूरदेशची आहेत. गुलमोहोर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, गिरीपुष्प मेक्सिकोकडचे. ती लावणाऱ्यांची अक्कल काढण्याचा आमचा हेतू नाही. ही झाडे लवकर वाढतात आणि ऐसपैस पसरतात. आम्ही स्वतः कितीतरी द्वारसभा पर्जन्यवृक्षाखाली घेतल्या आहेत. त्या सावलीचे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

तरीही या शहरात देशी झाडे वाढली पाहिजेत असे आम्ही म्हणू लागलो, तेव्हा आमच्याच सोबत्यांनी आम्हांला अडविले. "तुम्ही जन्मभर कामगाराला त्याचे गाव विचारले नाही. कोकणातला, आंध्रातला, उत्तरेतला, सगळ्यांना एका युनियनमध्ये बसविलेत. मग झाडाकडे जन्माचा दाखला कशाला मागता?" प्रश्न रोखठोक आहे. त्याचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

उत्तर असे की, माणूस आठ दिवसांत नवे अन्न खायला शिकतो, सुरवंट शिकत नाही. झाडाला पळता येत नाही. म्हणून खाणाऱ्यापासून बचाव करण्यासाठी ते पानांत कडू, उग्र, विषारी द्रव्ये साठविते. एखादे विष पचविण्याची युक्ती किड्याच्या जातीला साधते ती हजारो पिढ्यांनी, आणि साधली म्हणजे तो किडा बहुधा त्याच कुळातल्या झाडांशी बांधला जातो. रुईचे उदाहरण घ्या. तिचा चीक विषारी. शेळीसुद्धा सहसा तिच्या वाटेला जात नाही. पण नारिंगी पंखांचे, काळ्या काठाचे एक फुलपाखरू नेमके रुईवरच अंडी घालते. त्याचा सुरवंट तो चीक पचवितो, इतकेच नव्हे तर ते विष अंगात साठवितो, आणि मग पक्षीच त्याला टाळू लागतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणारे आपण, भिंतीच्या कडेला उगवलेली रुई मात्र कचरा म्हणून उपटतो.

तेव्हा प्रश्न जन्मगावाचा नाही, जमलेल्या नात्याचा आहे. चिंच मूळची आफ्रिकेतली. पण ती इतक्या शतकांपूर्वी आली, की तिच्या पानांवर वाढणारे सुरवंटही आज आहेत. तिला परकी म्हणणारा माणूस आम्हांला भेटलेला नाही. गुलमोहोराला तेवढा काळ मिळालेला नाही आणि त्याच्यावर पोसणाऱ्या जाती थोड्याच आहेत.

आता, किडे वाढले नाहीत तर आपले काय बिघडले, असे कोणी विचारील. चिमणी दाणे टिपते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिची पिल्ले दाण्यांवर वाढत नाहीत. पहिल्या दिवसांत त्यांना अळ्या आणि किडेच भरवावे लागतात. घरटे टांगायला खोके द्या, खिडकीत तांदूळ ठेवा; आसपास अळीच नसेल तर ते पिल्लू पोसणार कशावर?

गिरीपुष्पाची गोष्ट याहून बोलकी आहे. टेकड्यांवर ते लावले गेले याचे एक कारण असे, की त्याच्या उग्र वासामुळे सवय नसलेली गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, यावरून काय ते समजावे. लावणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण होय. पण जे गुरांना नको ते बहुतेक किड्यांनाही नको, आणि किडा नाही तिथे पाखराचे काम काय? हिरवीगार टेकडी मुकी राहते.

याच्या उलट उंबर. त्याची फुले फळाच्या आत दडलेली असतात. त्यांचे परागण करणारा चिमुकला गांधीलमाशीच्या जातीचा कीटक त्याच फळात जन्मतो, आणि त्याच्यावाचून उंबराला बी धरत नाही. फळ फोडल्यावर आपण ज्यांना केंबरे म्हणून नाक मुरडतो, त्यांत हे कीटक असतात. उंबराला वर्षातून अनेकदा फळे येतात, म्हणून तांबट, कोकीळ, बुलबुल, वटवाघूळ या सर्वांची सोय होते. अर्थात चाळीच्या भिंतीला खेटून उंबर किंवा पिंपळ लावा असे आम्ही सांगणार नाही. मुळे भिंत फोडतील. तिथे बकुळ, तामण, बहावा बरा. समुद्राजवळ खारा वारा सोसणारे करंज आणि उंडी.

एकाच जातीवर विसंबण्याचा धोकाही मुंबईने पाहिला आहे. 2010 नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने शहरातील शेकडो पर्जन्यवृक्ष वाळविले. बुंध्याला भिडलेल्या काँक्रीटने झाडे आधीच दुबळी झाली असतील. पण एकाच जातीची रांग असली की एकावरची कीड सर्वांवर जाते.

जागाच नाही, ही सबब आम्हांला पटत नाही. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकीत. 1977 साली ते बंद झाले. त्या उकिरड्यावर 1983 साली सलीम अली यांच्या हस्ते झाडे लावण्यास आरंभ झाला आणि 1994 साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. सदतीस एकर! ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एक रविवार काढावा.

आणि ज्यांच्यापाशी गॅलरीपुरतीच जागा आहे, त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता किंवा लिंबू लावावे. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. त्याचा व त्याच्या भावंडांचा कोवळा सुरवंट हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो. म्हणून पक्षीही फसतात आणि आपणही.

आमच्या चाळीत एका गृहस्थांनी असा डबा ठेवला. महिन्याभरात पाने कुरतडलेली दिसली, तेव्हा ते औषधाचा पंप घेऊन निघाले. आम्ही त्यांना म्हटले, "काका, तीन-चार आठवडे थांबा." पाने पुन्हा फुटतात असे सांगूनही त्यांचा विश्वास बसेना, शेवटी पंप आमच्या घरी ठेवून घ्यावा लागला. तो अजून माळ्यावर आहे. काकांनी मागितलेला नाही.