शिकायला पाणी कुठलं?

आम्ही कळंबहून बोलतोय.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची सभा होती. हप्ते गोळा झाले, वहीत मांडले, मग कर्जाच्या अर्जांवर आलो. एकीला शिलाई मशीन हवं होतं, एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या. शेवटी एका ताईंनी जरा अडखळतच सांगितलं, की मुलीला एक कोर्स करायचाय, त्यासाठी पैसे हवेत. कसला कोर्स, म्हणून विचारलं, तर मुलीनेच मोबाईल पुढे केला. व्हिडिओत समुद्र होता. एक मुलगी फळीवर उभी, कमरेला रुंद पट्टा, आणि वर आभाळात खोलीएवढा पतंग. पतंग ओढतोय आणि ती पाण्यावरून सुसाट चाललीय.

"याला काइटबोर्डिंग म्हणतात. मला हे शिकायचंय, पुढे शिकवायचंय. आपल्या डिंभ्याच्या धरणावर शिकता येईल का?"

सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "संक्रांतीच्या पतंगाची कण्णी तरी बांधता येते का गं तुला?" पण मुलगी हसली नाही. अर्ज तर अर्ज. गटाच्या पैशाबाबत आम्ही नेहमी विचारतो, की पैसे परत येतील ना? या वेळी मनात दुसरंच आलं, की पोरगी परत येईल ना? म्हणून ठरवलं, आधी माहिती काढू. फोन केले, वाचलं, गोव्याला जाऊन आलेल्यांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतोय.

हा खेळ काही फार जुना नाही. हवा भरून फुगवायचा, पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येणारा पतंग फ्रान्समधल्या लेगेन्यू आडनावाच्या दोन भावांनी काढला, त्याचं पेटंट १९८४ सालचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याची शर्यत पहिल्यांदा आली, त्यात बायकांचीही वेगळी स्पर्धा होती. पतंगाच्या दोऱ्या साधारण २० ते २५ मीटर लांब असतात. त्या हातातल्या दांड्याला आणि कमरेच्या पट्ट्याला जोडलेल्या असतात, म्हणजे सगळा ओढा कमरेवर येतो. धोका वाटला तर एका झटक्यात पतंग सोडून देण्याची खिट्टी असते. शिकवणारे सगळ्यात आधी ती खिट्टीच दाखवतात. पहिले काही तास जमिनीवर लहान पतंग घेऊन जातात. मग फळीशिवाय, नुसतं पाण्यात पालथं पडून पतंगाकडून ओढून घ्यायचं. फळी त्यानंतर. एक गोष्ट लगेच सांगून टाकतो: किनाऱ्यावर जत्रेसारखं बोटीमागे छत्री बांधून वर उडवतात, ते पॅरासेलिंग. तिथे तुम्ही फक्त बसायचं, सगळं बोटवाला करतो. दोन्हींत गल्लत करू नका.

आता जागा. नवशिक्या माणसाला जागा चांगली कशामुळे होते? याचं उत्तर आपल्याला खळ्यावर सापडेल.

आठवा, उफणणी कशी करायचो. खळं घराच्या आडोशाला कधी घातलं नाही, झाडाच्या आड नाही. जरा उंचवट्यावर, चारी बाजूंनी मोकळं. का? कारण घरावर, झाडावर आपटून आलेला वारा गिरक्या घेतो. घटकेत येतो, घटकेत पडतो, आणि भुसा आपल्याच डोळ्यांत. मोकळा सरळ वारा असला, की दाणे पायाशी आणि भुसा एका अंगाला. पतंगालाही तोच वारा लागतो. फार जोराचा नको, ताशी साधारण २० ते ३० किलोमीटर पुरे, पण एकसारखा हवा. गिरक्या घेणाऱ्या वाऱ्यात पतंग अचानक झटका देतो आणि माणूस उचलला जातो, नाहीतर वारा पडतो आणि पतंग अंगावर येतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची, आणि ती जास्त महत्त्वाची. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेपुरते. दिवसा जमीन तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. तो पहाटेपर्यंत असतो. आता विचार करा, शिकणारी मुलगी मतलई वाऱ्यावर पाण्यात गेली तर? पतंग तिला आत, खोल समुद्रात नेईल. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं, म्हणून ही वेळ भोळ्या माणसाला चांगली वाटते. याउलट वारा समोरून सरळ किनाऱ्यावर येत असला तर वाळूवर, दगडावर, दुकानांच्या टपऱ्यांवर आपटायची भीती. म्हणून शिकायला वारा तिरका लागतो, बाजूने येऊन किनाऱ्याकडे नेणारा. फळीवर उभं राहता आलं नाही, तरी वाहत वाहत बाई वाळूलाच लागते.

पाणी कमरेपासून छातीपर्यंत असावं आणि तळ वाळूचा. पडायचं तर आहेच, दिवसातून पन्नासदा, मग पडल्यावर पाय टेकावेत. वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला बरीच मोकळी जागा हवी. तिथे झाडं, विजेच्या तारा, खडक, होड्या, पोहणारी माणसं नकोत. आणि फिरती बोट हवी, आणायला जाणारी.

आता ही फुटपट्टी घेऊन डिंभ्याला जाऊ. घोड नदीवरचं आपलं धरण, हुतात्मा बाबू गेनू सागर. दिसायला पाणी केवढं तरी, पण भोवती सह्याद्रीचे डोंगर. वारा डोंगरावरून उतरतो, खिंडीतून घुसतो, कड्यावर आपटतो. घराच्या आडोशाचं खळंच झालं ते. पाणी खोल, आणि तळाशी काय आहे ते दिसत नाही. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव याच पाण्याखाली गेलं. कुठे बांध असेल, कुठे भिंत, कुठे झाडाचा बुंधा, कोण सांगणार? धरण शेतीच्या पाण्याचं, त्यामुळे पातळी वर-खाली होत राहते. फेब्रुवारीत पाहिलेला काठ मे महिन्यात राहत नाही. तिथे हा खेळ शिकवणारं कुणी नाही, बुडालं तर धावणारी बोट नाही. डिंभ्याला नको, असं आम्ही मुलीला स्पष्ट सांगितलं.

मग कुठे? आपल्याला जवळचं म्हणजे गोव्यातलं मोरजी आणि त्याला लागून असलेलं आश्वे, पेडणे तालुक्यात. लांबलचक वाळू, मोरजीच्या टोकाला शापोरा नदीचं मुख. डिसेंबर-जानेवारी ओलांडली की दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा धरतो आणि तो किनाऱ्यावर तिरका येतो. एप्रिल-मेपर्यंत तो मोसम. तिथे बऱ्याच वर्षांपासून हा खेळ शिकवतात. पुण्याहून रात्री गाडीत बसलं की सकाळी म्हापसा, आणि भाषेची अडचण नाही. पण तो उघडा समुद्र आहे, लाटा असतात. मोरजीला समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्यासाठी राखून ठेवलेला भाग असतो, तिथे पाऊल टाकायचं नाही.

दुसरी जागा लांबची, तमिळनाडूत रामेश्वर आणि तुतिकोरीनच्या बाजूला. तिथे उथळ, सपाट पाणी मिळतं आणि वाऱ्याचे दोन मोसम असतात, हिवाळ्यात ईशान्येचा, उन्हाळ्यापासून पुढे नैर्ऋत्येचा. नुसतं शिकण्याचं पाहिलं तर आमच्या मते रामेश्वर उजवं, कारण तिथे पाय टेकतात. रामेश्वरची यात्रा आपल्या म्हाताऱ्यांनी काशीच्या जोडीने केली, आता नाती पतंग घेऊन जातील! पण पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्या मुलीला इतक्या लांब, भाषा येत नसताना पाठवायला आईचा जीव होईना. तेही खरंच आहे. आणि कोकण-गोव्याच्या बाजूला पावसाळ्यात जाण्याचा विचारच करू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद असते. दर्यावर जन्म काढलेली माणसं जेव्हा होडी ओढून ठेवतात, तेव्हा आपण कोण?

शिकवणाऱ्यांना फोन करताना आम्ही लाज ठेवली नाही, तुम्हीही ठेवू नका. एका शिक्षकामागे किती जण? बोट स्वतःची की शेजाऱ्याची? हेल्मेट आणि तरंगतं जाकीट फीमध्ये आहे ना? शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र कुणाचं? आयकेओ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था ते देते, तर नंबर मागून घ्या. शिकवायला बाई आहे का? चार दिवस वारा आलाच नाही, तर पैशाचं काय? या शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी फोनच ठेवला. ते नाव आम्ही यादीतून काढलं.

आणि मग एका ठिकाणच्या बाईंनी आम्हालाच उलट विचारलं, "मुलीला पोहता येतं ना?"

आम्ही मुलीकडे पाहिलं. मुलीने आईकडे पाहिलं. कुणालाच येत नव्हतं. गटात बारा जणी आहोत, पोहता येतं दोघींना, त्याही माहेरी नदीकाठी वाढलेल्या म्हणून. आमचे भाऊ पाठीला कॅन बांधून विहिरीत पडले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकले. त्याआधीच्या पिढीला वाळलेला भोपळा होता. आम्ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळले. आणि आता तर दारात पाणी आलंय. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, टोमॅटोला, द्राक्षाला तळी झाली. ती आमच्या कामाची आहेत, पण त्यांचं प्लॅस्टिक ओलं झालं की साबणासारखं. उतारावर एकदा पाय घसरला की धरायला काही नाही. आमच्याच गटातल्या एक ताई मोटरचा फुटव्हॉल्व्ह बघायला गेल्या आणि आत गेल्या. पाइप हाताला लागला म्हणून आज त्या सभेला येतात. त्या दिवसापासून आम्ही शेततळ्यात गाठी मारलेला दोर सोडून ठेवायला सांगतो, दोन्ही बाजूंना, काठावर खुंटीला पक्का बांधून.

तेव्हा गोव्याचा प्रश्न बाजूला राहिला आणि घरचा उभा राहिला: पोहायला शिकायला पाणी कुठलं? फुटपट्टी तीच. शेततळं नको, कारण सांगितलंच. कालवा तर मुळीच नको. काठ तिरपे, सिमेंटचे, शेवाळलेले, आणि पाण्याला ओढ. पुढे मोरी असते, तिथे माणूस खेचलं जातं. घोड नदी आपली, पण वाळू काढून जागोजागी खड्डे झालेत. घोट्याएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल डोहात पडतं. शिवाय वरून आवर्तन सुटलं की पाणी वाढतं. बंधाऱ्याच्या फळ्यांजवळ तर उभंसुद्धा राहू नये.

पायऱ्यांची विहीर चालेल, पण ती दुसऱ्या टप्प्याला. पहिला टप्पा आम्हाला सापडला तो बागेच्या हौदात. आपल्याकडे पुष्कळांच्या शेतात सिमेंटचा मोठा हौद असतो, पाणी छातीपर्यंत ठेवता येतं, तळ दिसतो, बाहेर पडायला पायरी असते. तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, उताणं पडून तरंगणं, काठ धरून पाय मारणं, एवढं तिथे नीट होतं. बांगलादेशात लहान मुलांना असंच शिकवतात. तळ्यात बांबूचा मचाण बुडवतात आणि भोवती बांबूचंच कुंपण घालतात. मुलांचे पाय टेकतात आणि ती कुंपणाबाहेर जात नाहीत. शिकवायला गावातल्याच माणसांना तयार करतात, त्यात बायकाही असतात. बांबू आपल्याकडे काही कमी नाही, गावतळ्यात असं करता येईल का ते आम्ही ग्रामसभेत विचारणार आहोत.

साडी नेसून पाण्यात उतरायचं नाही. ती फुगते, मग पायाला गुंडाळते. ओढणीही नको. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग बरी. "लोक काय म्हणतील" यावर सभेत अर्धा तास गेला. शेवटी ताई म्हणाल्या, "मी आत पडले तेव्हा लोक कुठं होते?" आणि विषय संपला. साडीचा उपयोग मात्र काठावर आहे. कुणी बुडत असेल तर मागे उडी टाकू नका, आडवं पडून साडीचं टोक फेका आणि ओढा. हाताशी दोर नसतो, साडी असते.

कर्जाचं असं ठरलं: अर्ज मंजूर, पण पैसे आत्ता नाहीत. मुलीने आधी विहिरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता, दहा वेळा पोहून दाखवायचं. मग पुढच्या फेब्रुवारीत मोरजी, आणि आमच्यापैकी एक जण सोबत जाईल. मुलीला हे मान्य आहे. तिची आईही हौदात उतरणार म्हणाली.

हौद शाळेमागच्या मळ्यातला आहे, मालकीणबाईंनी आनंदाने दिलाय. १ मेपासून रोज सकाळी साडेसहा ते साडेसात, फक्त बायका आणि मुली. पोहता येणाऱ्या दोघी पूर्ण वेळ काठावर असतील, त्या नसतील त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरायचं नाही. दोर गटाने नवा घेतलाय. येताना कोरडे कपडे आणा, आणि घरी पाच लिटरचे रिकामे कॅन असतील तर झाकण घट्ट बसतंय का ते पाहून दोन-दोन घेऊन या. औषध फवारणीचे कॅन मात्र नकोत, धुतलेले असले तरी.