ठरावावर सही करण्याआधी ड्रायव्हर बघा

आमच्या बचत गटाकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, कर्जाचे हप्ते, बैठकीचे इतिवृत्त, सगळं त्यावरच होतं. मध्यंतरी तो बंद पडला म्हणून दुकानात दिला. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं. परत आणून लावला, तर पडद्यावर सगळं आडवं पसरलेलं! अक्षरं जाडजूड, लेबलावरचा गोल शिक्का भोपळ्यासारखा लांबट. दुकानदार म्हणाला, "याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. साडेचार हजार."

साडेचार हजार म्हणजे आमच्या बारा जणींची, महिना शंभर रुपयांप्रमाणे, जवळजवळ चार महिन्यांची बचत. तरीही काम अडलं म्हणून ठराव लिहून झाला. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात एका ताईंची बारावीतली लेक म्हणाली, "मावशी, आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून बघू या ना."

स्टार्टच्या बटणावर माउसचं उजवं बटण दाबलं की यादीत डिव्हाइस मॅनेजर दिसतं. त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स उघडलं. तिथे लिहिलं होतं, 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. म्हणजे काय? तर चित्र दाखवणारा भाग जागेवर आहे, पण त्याचा ड्रायव्हर बसवलेला नाही.

ड्रायव्हर म्हणजे बँक सखीच समजा. साहेबांची भाषा आपल्याला कळत नाही, आपलं म्हणणं साहेबांना कळत नाही. सखी मध्ये बसली की काम होतं. विंडोज आणि ग्राफिक्सच्या भागामध्ये हेच काम ड्रायव्हर करतो. तो नसला की विंडोज कामचलाऊ चित्र दाखवतं. आमचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा, आणि चित्र येत होतं १०२४ × ७६८ चं. उंची तेवढीच, रुंदी मात्र ताणलेली. म्हणून शिक्क्याचा भोपळा झाला.

आम्ही इंटरनेट जोडून विंडोज अपडेट चालवलं. ड्रायव्हर कधी कधी तिथल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये असतो, तेही बघावं. तिथे मिळाला नाही तर कॉम्प्युटरच्या कंपनीच्या किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांपैकी ज्याचं ग्राफिक्स असेल त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर फुकट' म्हणणारी भलतीच सॉफ्टवेअर टाकू नका.

मशीन बंद करून चालू केलं. मग डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबून डिस्प्ले सेटिंग्ज उघडलं आणि रिझोल्युशनमध्ये ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलं होतं तेच निवडलं. शिक्का गोल झाला! चष्म्याच्या ताईंना अक्षरं बारीक वाटली, तर रिझोल्युशन कमी केलं नाही. त्याने अक्षरं धूसर होतात. शेजारचं स्केल १२५ टक्के केलं.

हिशेब, पत्रं, लेबलं, व्हिडिओ यांसाठी बहुतेक मशीनमधलं अंगचं ग्राफिक्स पुरतं. पण इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नंबरामागे एफ असतो, त्यांत ते नसतं. तिथे कार्ड लागतंच. मुलांच्या गेमसाठी किंवा व्हिडिओच्या कामासाठीही कार्ड लागू शकतं. तसं घ्यायचं झालं तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा.

एक, मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचा लांब, म्हणजे १६ चा स्लॉट आहे का? लॅपटॉपमध्ये सहसा कार्ड बदलता येतच नाही.

दोन, पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे? स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापेक्षा जास्त लागणाऱ्या कार्डाला ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर लागते. ती आपल्या मशीनमध्ये आहे का?

तीन, डब्यात कार्ड मावतं का? लांबी मोजा. बारीक डब्याला लो प्रोफाइल कार्डच बसतं.

चार, मॉनिटरला कोणती पिन आहे? जुन्या मॉनिटरला निळी, १५ टाचण्यांची व्हीजीए असते. नव्या कार्डांना बहुधा एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. मध्ये साधी वायर चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

आणि कार्ड बसवल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. मॉनिटरची वायर जुन्याच जागी राहिली असेल, ती कार्डाच्या पिनेला लावा.

आता आम्ही रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मशीनचं मॉडेल, ग्राफिक्सचं नाव आणि पडद्याचं रिझोल्युशन लिहून ठेवलंय. मशीन दुरुस्तीला गेलं की ते पान सोबत जातं, आणि परत आलं की त्याच्याशी ताडून मगच पैसे देतो.

त्या ठरावावर आम्ही आडवी रेघ मारली. पैसे गटातच राहिले, आणि पुढच्या बैठकीत त्यातूनच एका ताईंना शिलाई मशीनच्या दुरुस्तीसाठी कर्ज देता आलं. मैत्रिणींनो, तुमच्याही गटात असा ठराव आला तर सहीआधी पाच मिनिटं डिव्हाइस मॅनेजर बघा.