खाणारी तोंडं
झाडगावचं मत्स्यालय पाहून नातवानं हट्ट धरला आणि घरात दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आली. पाणी साफ ठेवणारा स्किमरही आला, खोक्यावर 'दोनशे लिटर' लिहिलेला. तीन मासे मजेत होते. हौसेनं नऊ केले, महिन्यात चार मेले. नातू दोन दिवस बोलला नाही.

स्किमर म्हणजे मांडवीच्या फेसाळ लाटांची नक्कल. बारीक बुडबुड्यांना विष्ठेतली, उरल्या अन्नातली प्रथिनं चिकटतात आणि कुजण्याआधीच फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमतात.

बँकेत कर्ज देताना मी घराची लांबी-रुंदी नव्हे, खाणारी तोंडं मोजत असे. इथं मात्र लिटर पाहिले! दाटी असेल तर एक माप मोठा घ्यावा. मासे मोजकेच असतील तर अवाढव्य नको, त्यात फेस नीट धरत नाही. नातू आता आधी मासे मोजतो.