पाच चौकटींची इंग्रजी

5 मे 2022 रोजी केंब्रिज डिक्शनरीच्या संकेतस्थळावर एका शब्दासाठी झुंबड उडाली. शब्द होता 'होमर'. ग्रीक महाकवीची कुणाला अचानक आठवण झाली होती असं नाही. 'वर्डल' या ऑनलाइन शब्दखेळाचं त्या दिवशीचं उत्तर एच-ओ-एम-ई-आर होतं, आणि बेसबॉलमध्ये 'होम रन' मिळवून देणाऱ्या फटक्याला अमेरिकेत होमर म्हणतात, हे क्रिकेटवर पोसलेल्या जगाला कुठून माहीत असणार? मेच्या पहिल्या आठवड्यात सुमारे 75 हजार वेळा हा शब्द तिथे शोधला गेला. वर्षाअखेर केंब्रिजने त्यालाच वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केलं. अर्थ ठाऊक नसलेला शब्दही अक्षरं जुळवत गेलं की हाती लागतो, ही या खेळाची गंमत. आणि तीच त्याची मर्यादाही.

वर्डल बनवला जॉश वॉर्डल या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने, जोडीदार पलक शाह हिला शब्दखेळांची आवड म्हणून. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द भरतात बारा हजारांच्या आसपास. पण त्यातले निम्म्याहून अधिक कुणी कधी ऐकलेलेही नसतात. पलकने ती यादी चाळून ओळखीचे अडीच हजारांच्या आतले शब्द ठेवले. माझ्या मते खेळ चालला तो या चाळणीमुळे. ऑक्टोबर 2021मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, आणि जानेवारी 2022च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला.

नियम पाच मिनिटांत कळतात. पाच अक्षरी शब्द ओळखायला सहा प्रयत्न, अक्षर जागेवर असेल तर चौकट हिरवी, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळी, नसेलच तर करडी. खरी कसोटी लागते ती एकसारखे शेपूट असलेल्या शब्दांपाशी. समजा, पहिल्याच फटक्यात तुम्ही 'टाइट' लिहिलंत आणि आय-जी-एच-टी ही शेवटची चार घरं हिरवी झाली. जिंकल्यातच जमा, असं वाटतं. पण फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि आकड्यातला एट असे सात रोजचे शब्द अजून उभे असतात, आणि हातात प्रयत्न उरलेत पाच. एकेक करून लिहीत बसलात तर हरूही शकता. मुरलेला खेळाडू इथे मुद्दाम चुकीचा शब्द लिहितो: 'फर्न्स'. तो उत्तर असूच शकत नाही, पण एफ, ई, आर, एन, एस ही पाच अक्षरं तो एका दमात तपासतो. एखादी चौकट हिरवी किंवा पिवळी झाली तर उत्तर मिळालंच. एकही झाली नाही तर लाइट किंवा माइट. मिळालेल्या खुणा पुढच्या प्रयत्नात वापरायलाच हव्यात, असा 'हार्ड मोड' ज्यांनी लावलाय त्यांना मात्र ही पळवाट बंद. त्यांनी नशिबावर हवाला ठेवावा.

अक्षरं मोजण्याचा हा हिशेब जुनाच. 1930च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेले न्यूयॉर्कचे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून स्क्रॅबलची मांडणी केली. शंभर सोंगट्यांत ई बारा, पण एस फक्त चार. प्रत्येक नामाला एस चिकटवून अनेकवचन करता आलं तर खेळ पोरकट होईल, हे त्यांनी ओळखलं होतं. वर्डलच्या उत्तरांतही नुसत्या एसची अनेकवचनं सहसा येत नाहीत, ती त्याच कारणाने.

त्याही आधी लुईस कॅरल. गणिताच्या या प्राध्यापकाने 1877च्या नाताळात 'डब्लेट्स' नावाचा खेळ काढला: एका वेळी एकच अक्षर बदलत, दर पायरीवर खरा शब्द ठेवत एका शब्दावरून दुसऱ्यावर जायचं. हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल – अशा पाच पायऱ्यांत त्याने डोक्याची शेपटी केली. देवनागरीत यातले दोन शब्द सारखेच दिसतात. पहिल्या 'टेल'मध्ये दोन एल, दुसऱ्यात ए-आय-एल.

शंभरेक वर्षांनी स्टॅनफर्डच्या डोनाल्ड नूथ यांनी हाच खेळ संगणकावर चढवला. 5,757 पाच अक्षरी शब्द घेतले आणि एका अक्षराचाच फरक असेल तिथे दोन शब्दांमध्ये रेघ जोडली. 671 शब्दांना एकही शेजारी सापडला नाही. त्यांना नूथनी नाव दिलं 'अलूफ', म्हणजे अलिप्त. आणि अलूफ हा शब्द स्वतःच त्या एकट्यांच्या यादीत आहे!

मराठीत असा खेळ बसवायचा तर पहिलीच अडचण चौकटीची. 'स्त्री' आपल्या लेखी एक अक्षर. संगणक तिथे सहा चिन्हं मोजतो. एका घरात नेमकं काय ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं. रोमन लिपीला हा प्रश्नच पडत नाही.

राहिला प्रश्न अशा खेळाने इंग्रजी सुधारतं का, हा. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स इंग्रजी स्क्रॅबलचे पाच वेळा जगज्जेते. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी नऊ आठवड्यांत फ्रेंच शब्दयादी पाठ केली आणि 2015मध्ये बेल्जियममध्ये फ्रेंच भाषकांची जागतिक स्पर्धा जिंकली. 2024मध्ये स्पेनमधल्या ग्रनाडात स्पॅनिशमधलीही जिंकली. तीही भाषा त्यांना बोलता येत नाही. तेव्हा पालकांना एवढंच सांगणं: मुलांना वर्डल खेळू द्या, मजेसाठी खेळू द्या, पण इंग्रजीच्या शिकवणीत त्याची गणना करू नका.